बाग देखणी आहे, पण तिच्यात कुणी फिरकत नाही

नवी माळीण

दीड वर्षापूर्वी आम्ही या घरात राहायला आलो. मागच्या बाजूला साधारण ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. आल्या आल्या हौसेने बाग करून घेतली. मधोमध हिरवळ, कडेने एका उंचीत कातरलेलं झुडपांचं कुंपण, कोपऱ्यांत पाम, आणि 'बारा महिने फुलतात' म्हणून नर्सरीवाल्याने गळ्यात मारलेल्या वीसेक कुंड्या. फोटो छान येतात. येणारे-जाणारे कौतुकही करतात.

पण बाग मुकी आहे. सकाळी मागच्या पायरीवर बसते तेव्हा सगळे आवाज शेजारच्या पडीक प्लॉटवरून येतात. तिथे नुसतं रान माजलंय आणि तिथेच बुलबुल, शिंपी, फुलपाखरं सगळं आहे. आमच्या भिंतीवर येऊन बसतात, आत डोकावतात आणि माघारी जातात. आमच्याकडे म्हणून आलेला पहिला पक्षी म्हणजे गेल्या महिन्यात काचेच्या सरकत्या दारावर आपटून मेलेला बुलबुल. लेकीने (वय चार) त्याला कुंडीत पुरला आणि आता ती रोज विचारते, 'दुसरा कधी येणार?'

तर मला ही बाग अशी करायची आहे की कुणीतरी तिथे येऊन राहील. अडचणी अशा: पाणी ठेवलं तर डास होतील का? छोटं तळं करावं असं मनात आहे, पण घरात लहान मूल. सासऱ्यांचा जीव हिरवळीत आहे, ती काढायचं नावही काढता येत नाही. आणि त्यांचं म्हणणं, पाचोळा साठवला की साप आलाच. नवऱ्याचं मत विचारू नका, तो फक्त पाण्याचं बिल बघतो. कोणती झाडं लावू? दाण्याचं भांडं टांगू का? जाणकारांनी सांगावं.

उन्हाळी फूल

सोप्पं आहे. घाणेरी लावा, रंगीबेरंगी फुलं येतात आणि फुलपाखरांची झुंबड उडते. काही करावं लागत नाही, वाढतच जाते!

पाचोळा

उन्हाळी फूल, 'वाढतच जाते' हीच तर तिची भानगड आहे. घाणेरी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. बागेतली शोभेची झुडपं म्हणून जगभर नेली आणि पक्ष्यांनी तिची फळं खाऊन बिया रानोमाळ टाकल्या. आज मैलोगणती जंगलात तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. फुलपाखरं येतात हे खरं, पण ती खानावळीत येतात तशी येतात. पिऊन जातात. अंडी घालायला त्यांना दुसरं झाड लागतं.

आता नवी माळीण, तुम्ही एक करा. बागेत जा आणि पानं नीट बघा. भोक पडलेलं, कुरतडलेलं, गुंडाळलेलं एक तरी पान सापडतंय का? माझी पैज आहे, नसणार. तुमच्याकडे कुणी का येत नाही याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

भोक नाही म्हणजे अळी नाही, आणि अळी नाही म्हणजे पिल्लांच्या चोचीत घालायला काही नाही. चिमणी दाणे टिपते आणि शिंजीर मध पितो हे आपण शाळेत शिकतो, पण ते मोठ्यांचं जेवण. पिल्लं दोघांचीही किडे, अळ्या आणि कोळ्यांवर वाढतात. उत्तर अमेरिकेत चिकडी नावाचा मुठीत मावेल एवढा पक्षी आहे. त्याच्या एका विणीतली पिल्लं घरटं सोडेपर्यंत आईबाप ६,००० ते ९,००० अळ्या आणून भरवतात, असं मोजलं गेलंय. तुमच्या त्या चकचकीत कुंपणातून दिवसाला दहा तरी निघतील का?

मी हे फार उशिरा शिकले. माझी बाग एकोणीस वर्षांची. पहिली तीन वर्षं मी बाटली घेऊन फवारत हिंडायचे. एकदा लिंबाच्या रोपावर पक्ष्यांनी घाण केलेली दिसली, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची. पाण्याने धुवायला गेले तर त्यातला एक ठिपका चालायला लागला. काडीने डिवचला तर डोक्यामागून लालसर दुटोकी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. लहानपणी विष्ठेचं सोंग, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. त्या दिवशी बाटली ठेवली ती ठेवलीच.

म्हणून झाडं निवडताना फूल किती सुंदर हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा, याचं पान कोण खातं? कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांवर लिंबाचं फुलपाखरू आणि काळं कॉमन मॉर्मन अंडी घालतात. बहावा किंवा साधा टाकळा असला की पिवळी फुलपाखरं येतात. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी राहते, पान पोखरलेलं दिसतं, ती कीड समजून उपटू नका. रुईवर बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू येतं. मात्र रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, लेक थोडी मोठी होईपर्यंत ती तुमच्याकडे नको.

आणि नातलग दिसतंय म्हणून परदेशी वेल आणू नका, हे मुद्दाम सांगते. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचं मोठं हिरवं फुलपाखरू आहे. त्याच्या अळीचं खाणं म्हणजे तिथली ईश्वरीच्या कुळातली रानवेल. लोकांनी बागेत त्याच कुळातली शोभेची अमेरिकन वेल लावली. मादी वासाने फसते, तिच्यावर अंडी घालते, आणि बाहेर आलेल्या अळ्या ती पानं खाऊन मरतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, बागेत किती फुलपाखरं!

फुलांसाठी अडुळसा, धायटी, एकेरी जास्वंद, तुळस, सब्जा. एकेरीच घ्या. भरगच्च दुहेरी फुलात पुंकेसरांच्याही पाकळ्या झालेल्या असतात, माशीला आत शिरायला वाट नाही आणि शिरली तरी हाती फारसं लागत नाही. तुळशीला मंजिऱ्या आल्या की आपण खुडतो. एखादं झाड न खुडता सोडून बघा, फुलोरी माश्या दिवसभर हलणार नाहीत.

आता मांडणी. तुमच्या जागेत एकच मोठं झाड पुरे, तेही भिंतीपासून लांब. त्याच्याखाली खांद्याएवढी झुडपं, त्यांच्या पायाशी गुडघ्याएवढं काहीतरी, आणि सगळ्यात खाली पाचोळा. पक्ष्याला वरून खाली उतरताना टप्पे लागतात. तुमच्याकडे एकदम भिंत आणि एकदम हिरवळ, मध्ये लपायला काडी नाही. म्हणून ते भिंतीवरूनच माघारी जातात.

हिरवळ मुळीच काढू नका. सासऱ्यांना मधला भाग द्या, त्यांनी तो बिलियर्डच्या टेबलासारखा ठेवावा. मागच्या भिंतीलगतची सहा-सात फुटांची पट्टी तुम्ही घ्या. दोन्हींच्या मध्ये एक स्वच्छ, वळणदार कड आखा. विटा रोवा नाहीतर नीट कातरून घ्या. हा माझा जुना अनुभव आहे: कड नेटकी असली की आतलं रान लोकांना मुद्दाम केलेलं वाटतं. कड नसली की तेच रान आळशीपणा ठरतं. माझ्या शेजाऱ्यांची तक्रार एका विटांच्या रांगेने मिटली.

पाम ठेवा. आश्चर्य वाटेल, पण पामफ्लाय नावाचं फुलपाखरू त्यांच्यावरच वाढतं. कुंपण मात्र सगळं एका दिवशी कातरू नका. निम्मं आत्ता, निम्मं दोन महिन्यांनी, आणि कातरण्याआधी आत घरटं आहे का ते बघून. शिंपी दोन पानं शिवून आत घरटं करतो, समोर असलं तरी दिसत नाही. त्याला शिवायला दोरा म्हणून कोळ्याचं जाळं आणि कापूस लागतो, शिंजिराच्या लोंबत्या घरट्यालाही तेच. तेव्हा बागेतली जाळी झाडूने काढायची सवय सोडा.

पाणी: तळं आत्ता नको. चार वर्षांच्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरतं, यात मी तडजोड करणार नाही. उथळ परळ घ्या, जेमतेम दोन-तीन बोटं खोल, आत खडबडीत दगड टाका म्हणजे माशीलाही टेकायला जागा होते. झुडपापासून दोनेक मीटर लांब ठेवा, नाहीतर मांजर दबा धरून बसेल. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, म्हणून एक दिवसाआड पाणी ओतून टाकलं की प्रश्न मिटला. फक्त ओतू नका, काठ खरवडून घासा. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात. ओतलेलं पाणी एका कोपऱ्यात मातीवर जाऊ दे. त्या ओल्या चिखलावर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात.

लेक मोठी झाली की तळं करा. एक बाजू उतरती ठेवा म्हणजे पडलेला सरडा किंवा खार बाहेर निघेल. गप्पी मासे सोडायला लोक सांगतील, पण ते डासाच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि पिल्लंही मटकावतात. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासाच्या अळ्या खातात. तळं करायचंच तर ती तुमच्या बाजूने आहेत.

दाण्याचं भांडं मी टांगत नाही. न घासलेल्या भांड्यावरून पक्ष्यांत रोग पसरतात, आणि रोज घासणं माझ्याच्याने होत नाही हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. तुमच्याच्याने होत असेल तर टांगा.

काचेचं मात्र आजच करा. पक्ष्याला काच दिसत नाही, त्याला तिच्यात झाड दिसतं. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून काही होत नाही, त्याच्या बाजूने पक्षी जातातच. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके लावा, दोन ठिपक्यांत ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. हे सगळ्यात आधी, झाडंबिडं नंतर. नाहीतर तुम्ही पाहुण्यांना बोलावून दारातच मारताय.

नवी माळीण

पाचोळाकाका, इतकं सविस्तर! वाचून खाली गेले आणि पानं बघितली. पैज जिंकलात. एकही भोक नाही. मात्र नर्सरीवाला दर महिन्याला येऊन 'टॉनिक' मारून जातो, ते काय असतं हे आज पहिल्यांदा विचारलं. त्याने नीट सांगितलं नाही.

पाचोळा

काका नाही, मावशी. चालायचंच.

ते टॉनिक बंद करा. काही कीटकनाशकं पानावर राहत नाहीत, झाडाच्या रसात भिनतात आणि परागात, मधातही उतरतात. नवीन आणलेल्या रोपातही ती असू शकतात. म्हणून बियांपासून किंवा ओळखीच्यांच्या फांद्यांपासून वाढवलेलं बरं. 'कडुनिंबाचं आहे, नैसर्गिक आहे' याला भुलू नका. निंबोळी अर्क अळी मारायलाच असतो, त्याला फुलपाखराची अळी वेगळी कळत नाही.

फणा

सापाचं मी सांगतो. गेली पंधरा वर्षं लोकांच्या घरातून साप उचलून बाहेर सोडतोय.

सासऱ्यांना म्हणावं, तुमचं अर्धं बरोबर आहे. साप येणारच नाही अशी हमी कुणी देत असेल तर तो थापाड्या. बेडूक, सरडे, उंदीर जिथे आहेत तिथे साप येऊ शकतो, हिरवळीवरही. पण मी ज्या घरांतून साप काढले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी पाचोळा नव्हता. उरलेल्या विटा, फरशा आणि पत्रे होते, भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं ठेवलेले. 'कधीतरी लागतील' म्हणून. खाली उंदीर, उंदरामागे साप. नवी माळीण, बांधकामातलं उरलेलं सामान कुठे आहे तुमचं?

रानाची पट्टी मागच्या भिंतीला आहे हे बरं. घर आणि रान यांच्यामध्ये दहा-बारा फूट मोकळं आणि आखूड कातरलेलं असू दे. म्हणजे हिरवळीचा उपयोग निघाला, सासऱ्यांना हे आवर्जून सांगा. लाकडाचा ओंडका ठेवायचा तर तोही पलीकडेच, घराला टेकवून नको. छपरावर आलेल्या फांद्या छाटा. दाराखालची फट बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. रात्री बागेत जाताना टॉर्च आणि बंद बूट. ढिगात हात घालायचा नाही, आधी काठी. पोरीला एवढं एकच शिकवा: दिसला तर हात लावायचा नाही, मागे सरकायचं आणि हाक मारायची.

फिनेल, लसूण, कार्बोलिक ॲसिड यांनी साप पळत नाही. वेळ आणि पैसा वाया. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हलवाहलव कमी करून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात.

आणखी दोन गोष्टी, साप सोडून. उंदरांसाठी चिकट पट्ट्या ठेवू नका. त्यांवर मला सापसुरळ्या, पाली, एकदा दयाळाचं पिल्लू चिकटलेलं मिळालंय, सगळी जिवंत. विषारी गोळ्याही नकोत, विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही जातं. आणि फळझाडावर नायलॉनची बारीक जाळी टाकत असाल तर ती सैल सोडू नका. धामण त्यात एकदा अडकली की जितकी पुढे सरकते तितकी ती आवळत जाते. कात्रीने एकेक धागा कापायला मला पाऊण तास लागलाय.

तिसरा मजला

माझ्याकडे अंगण नाही, चार फुटांची गॅलरी आहे, म्हणून बोलू की नको असं झालं. पण एक कढीपत्ता आणि एक पानफुटी एवढ्यावर माझ्याकडे तीन प्रकारची फुलपाखरं जन्मली, त्यामुळे बोलते.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर घाबरू नका. ती पानकापी माशी. तो तुकडा गुंडाळून घेऊन जाते आणि पोकळीत पिल्लासाठी खोली बांधते. तिच्यासाठी मी बांबूच्या नळ्यांची जुडी बांधली आहे. भोक ४ ते ८ मिलिमीटर, लांबी साधारण वीतभर, मागचं तोंड बंद, सकाळचं ऊन येईल आणि पाऊस लागणार नाही अशी. विकतची 'मधमाशी हॉटेलं' नुसती शोभेची असतात, अंगठा जाईल एवढी भोकं. नळ्या दर एक-दोन वर्षांनी बदलते, नाहीतर आत बारीक कोळीकिडे होतात.

पाचोळा

तिसरा मजला, झकास. जिला अंगण आहे तिने मात्र नळ्यांवर थांबू नये. एकेकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक जमिनीत बीळ करतात. त्यांना हवी असते उन्हातली उघडी, न खणलेली, न झाकलेली माती. दोन फूट बाय दोन फूट पुरते. बागकाम शिकवणारे सगळीकडे आच्छादन घाला म्हणतात. घाला, पण तेवढा तुकडा सोडा.

आणि बागेतले दिवे. रात्रभर पांढरे झगझगीत ठेवू नका. पिवळसर, खाली तोंड केलेले, गरज असेल तेव्हाच. पतंग दिव्याभोवती फिरून दमतात आणि सकाळी पाली टम्म असतात.

नवी माळीण

चार महिन्यांनी परत आले. हिशेब देते.

फणादादा, विटा निघाल्या. गॅरेजच्या मागे, भिंतीला टेकवून. खाली साप नव्हता, उंदराचं बीळ होतं. त्याच विटांची कड आखली. सासऱ्यांनी स्वतः दोरी धरून वळण काढून दिलं, आणि 'मधली माझी, पलीकडची तुझी' असा तह झाला.

टॉनिक बंद केल्यावर पहिले दोन महिने फार वाईट गेले. कुंड्यांवर मावा इतका आला की फांद्या काळ्या दिसायला लागल्या. मी जवळजवळ हार मानली होती. मग कुठूनतरी ढालकिडे आले, आणि त्यांची ती मगरीसारखी दिसणारी पिल्लं. तीन आठवड्यांत मावा ओसरला. सहा कुंड्या तरीही गेल्या. त्यांची मला फारशी हळहळ वाटली नाही, हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.

परळ ठेवला त्याच्या नवव्या दिवशी बुलबुल आला. आंघोळ केली, निघून गेला. लेकीने शाळेत जाऊन सांगितलं की आमचा बुलबुल परत आला. मी दुरुस्त केलं नाही.

आता खरा प्रश्न. कढीपत्त्यावर अळ्या आल्या. लेक आणि तिचे आजोबा रोज सकाळी मोजायचे. शनिवारी अकरा होत्या. सोमवारी तीन. लेक रडून रडून बेजार, आणि सासरे मला विचारतात की बाटलीत भरून घरात वाढवायच्या का? मला स्वतःलाही वाईट वाटलं. काही चुकलं का आमचं?

पाचोळा

काही चुकलं नाही. शिंपी बघितलात का आसपास? किंवा कुंभारीण माशी? ती मातीचं घडं करते, अळीला डंख मारून लुळी करते आणि आपल्या पिल्लासाठी शिदोरी म्हणून आत कोंबते. आठ अळ्या कुणाच्या तरी पिल्लांच्या पोटात गेल्या. तुम्ही कढीपत्ता लावलात तो याच्यासाठीही, फक्त तेव्हा तो असा दिसत नव्हता. शंभर अंड्यांतून मोजकीच फुलपाखरं उडतात. सगळी उडाली असती तर कढीपत्त्याची काठी उरली असती.

लेकीला बघायला एखादी अळी आत आणायला हरकत नाही. एकच. रोज ताजी पानं त्याच झाडाची, भांड्याला हवा, आणि कोष करायला एक उभी काडी. बाकीच्या बाहेर राहू द्या, त्यांच्यावर दुसऱ्यांचाही हक्क आहे.

मात्र एक आधीच सांगून ठेवा. मी एकदा असाच कोष जपला होता. पंधरवडा वाट पाहिली आणि बाहेर आल्या मुंगीएवढ्या बारीक माश्या, पंचवीस-तीस. अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या त्या. दोन दिवस मी फुरंगटून होते. नंतर इंग्लंडमधल्या जेनिफर ओवेन यांच्याबद्दल वाचलं. लेस्टर शहरातल्या आपल्या घराभोवतीच्या साध्या बागेत १९७२ पासून तीस वर्षं त्यांनी येईल तो जीव नोंदवला. बाग सगळी मिळून ७४१ चौरस मीटर, तिच्यात हिरवळही होती आणि भाजीचे वाफेही. जाती भरल्या २,६७३. त्यांत कीटक १,९९७, आणि पाठीला कणा असलेले, म्हणजे पक्षी, बेडूक, उंदीर वगैरे सगळे धरून, अवघे ६४. अशा परजीवी माश्यांच्या तर काही जाती विज्ञानाला तोवर ठाऊकच नव्हत्या, त्या तिथे सापडल्या. मी ज्यांच्यावर रुसले होते त्या.

तेव्हा आजोबा-नातीला एक वही द्या. अळ्या मोजतात त्याबरोबर खाणारेही मोजू देत. नाव माहीत नसलं तर चित्र काढायचं.

नवी माळीण

मावशी, वही आणली. पहिल्या पानावर कुंभारिणीचं चित्र आहे, पाय मात्र दहा काढलेत. सासऱ्यांनी मोठ्या अक्षरांत तारीख घातली आहे आणि खाली लिहिलंय: 'घडं एक, खिडकीच्या चौकटीत. कुणी पुसू नये.'

पाचोळा

वा. दहा पाय असू देत, पुढच्या वेळी ती स्वतःच मोजून सहा करेल.

काचेला ठिपके बाहेरूनच लावलेत ना? हिशेबात त्यांचा उल्लेख नाही. आतून लावले असतील तर काढा आणि परत लावा. बाहेरून झाडाचं प्रतिबिंब पडतं आणि आतले ठिपके त्यात बुडून जातात.

नवी माळीण

आतून लावलेत. उद्या काढते.